खून दिरानं केला

अनुसयाबाईंना कुजबुजता येत नसे. घनसावंगीत बसस्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांची पिठाची गिरणी होती. दिवसभर चक्कीच्या आवाजावर आवाज चढवून बोलल्यामुळे त्यांचा गळा तेवढाच उघडायला शिकला होता. चक्की बंद असो, समोरचं माणूस हातभर अंतरावर असो, विषय शेजारच्या सुनेला दिवस गेल्याचा असो, आवाज तोच. "मॅडम, कोणाला सांगू नका," असं बजावून त्यांनी मला सांगितलेली प्रत्येक गोष्ट समोरच्या किराणा दुकानदाराने माझ्याआधी ऐकलेली असे.

मी तिथल्या एका शाळेत इंग्रजी शिकवायला गेले होते आणि गिरणीच्या मागची खोली मला भाड्याने मिळाली होती. जालन्यासारख्या शहरात वाढल्याची थोडी घमेंड मला होती, ती त्यांनी पहिल्याच दिवशी उतरवली. मी सामान लावत होते. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या, माझी झाडाझडती घेतली. लग्न झालं का, का नाही झालं, स्वयंपाक येतो का, रात्री भीती वाटते का. सगळ्या उत्तरांवर एकच शेरा मारला.

"बिलकुल बराबर हाये. लग्नाची जल्दी करू नका."

साडीवर पुरुषी शर्ट, डोक्याला पंचा, नाकातोंडावर जुन्या साडीचा फडका. गिरणी उघडताना त्या पन्नाशीच्या दिसत आणि बंद करताना ऐंशीच्या, कारण तोवर भुवया, पापण्या आणि कानांवरचे केस पांढरे झालेले असत. तोंड धुतलं की परत पन्नाशी. पीठ बाहेर पडू लागलं की अंगठा आणि बोटात चिमूटभर घेऊन त्या ते चोळायच्या, आणि ते करताना कुणाशीही बोलायच्या नाहीत. दिवसभरात त्या गप्प असायच्या त्या तेवढ्याच.

गिरणीत बायकांऐवजी डबे रांगेत उभे असत. डबा ठेवायचा आणि बाजूच्या पोत्यांवर बसायचं. भांडणं व्हायची ती कुणामागून कुणी दळायचं यावर. बाजरीवर गहू नको, मक्यावर ज्वारी नको, इथवर ठीक होतं. पण एका बाईने एकदा समोरच्या डब्याकडे न पाहता, "तिच्यामागून आमचं नको," म्हटलं तेव्हा अनुसयाबाईंनी पट्टा थांबवला. "गहूच हाये की तिचा बी."

"तसं न्हवं हो मावशी, तुम्हाला माहीत हाये."

"मला माहीत हाये, पण चक्कीला माहीत न्हाई. तिला इचारून सांगते," असं म्हणून त्यांनी खरोखर चक्कीला कान लावला, थोडं ऐकलं आणि तक्रार करणारीचाच डबा रांगेच्या शेवटी नेऊन ठेवला. जात्यातले रडतात, सुपातले हसतात असं म्हणतात. अनुसयाबाईंच्या गिरणीत मात्र चक्कीतले आणि डब्यातले सगळे मिळून हसत, आणि ज्याच्यावर हसायचं तो बहुतेक वेळा तिथेच उभा असे.

त्यांच्या नावाचा अर्थ मीच त्यांना सांगितला. असूया म्हणजे मत्सर, हेवा, दुसऱ्याबद्दलची जळजळ. ती जिच्यात नाही ती अनसूया. त्यावर त्या पोट धरून हसल्या.

"मंग बराबर हाये. माझ्या वाट्याची बी सारी मालकानंच केली."

मालक म्हणजे नवरा. शहागडला दिलं होतं त्यांना. नवरा कष्टाळू, निर्व्यसनी, हात न उगारणारा, पण वहिमी. संशयाला आमच्याकडे वहीम म्हणतात. संशय येतो आणि जातो, पण वहीम माणसाच्या घरातच राहायला येतो. वहिमाला औषध लुकमान हकिमाकडेही नाही, असं जुने लोक म्हणायचे. हा नवरा सकाळी वावरात जाताना उंबऱ्यावर मूठभर पीठ पसरून जायचा आणि संध्याकाळी उकिडवं बसून त्यावरची पावलं वाचायचा.

"मांजराची, कोंबडीची, माझी, सासूची. एकदा सासूचं पाऊल जरा मोठं निघालं, तर त्या म्हातारीलाच इचारून राह्यला, कोण आल्तं म्हणून." हे सांगताना अनुसयाबाईंना हसू आवरत नसे. माझ्या अंगावर काटा आला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "रडून बी झालंय मॅडम. त्याची बी मुदत असती."

मग लाइनमनची गोष्ट. उन्हाळ्यात मीटर बघायला लाइनमन आला. मीटर बघून झाल्यावर पाणी मागितलं. अनुसयाबाईंनी तांब्या दिला, तो ओट्यावर बसून पाणी प्यायला आणि गेला. तेवढ्यात रस्त्याने धाकटे दीर दादाराव आले. त्या संध्याकाळी दादाराव भावाच्या कानाशी लागून काहीतरी बोलले. काय बोलले ते दोघा भावांनाच ठाऊक. पण दुसऱ्या दिवशी अनुसयाबाईंची पेटी रस्त्यावर होती आणि लाइनमन 'आतून' निघाला, हे सगळ्या शहागडला ठाऊक होतं.

त्या घनसावंगीला भावाकडे आल्या. भावाची बंद पडलेली गिरणी सुरू केली. "म्हणलं, पिठाचा एवढा शौक हाये ना तुला, तर घे." शहागडला निरोप पाठवले, दिरांना चार माणसांत विचारा म्हणून. कुणी विचारलं नाही. काही वर्षांनी नवरा काविळीने गेला. मातीला त्या गेल्या, तर दिराने दारातच आडवं होऊन थांबवलं. त्या रस्त्यावर उभं राहून हात जोडून परत आल्या. मात्र दुसऱ्या दिवशी कुंकू लावूनच गिरणी उघडली. "हे तर मी परकर घालत व्हते तवापासून लावते. त्यानं थोडंच आणल्तं?"

मला वाटायचं, इतकी वर्षं झाली, बाईचं छान चाललंय, आता कशाला ते उगाळायचं. एकदा तसं बोललेही. त्या पीठ चोळत होत्या. ते पुरं झाल्यावरच बोलल्या.

"ज्याचं जळतं त्याला कळतं, मॅडम. मला वावर नको, घर नको. लाइनमन ओट्यावर बसल्ता, एवढं त्यानं चार माणसांत म्हणावं. मेलेला तर काय बोलत न्हाई. जिता हाये त्यानं बोलावं."

त्यांना जगाकडून हवं होतं ते एवढंच, आणि तेवढंच कुणी देत नव्हतं.

वहिमाशी त्यांचं वैर इतकं होतं की दुसऱ्याच्या घरातला वहीमही त्यांना खपत नसे. आमच्या गल्लीतला एक नवा नवरा बायकोच्या मागोमाग गिरणीपर्यंत यायचा आणि समोरच्या पानटपरीवर उभा राहून पहारा द्यायचा. अनुसयाबाईंनी त्याला हाक मारली. "आलाच हायेस तर डबा उचल." त्याने उचलला. दुसऱ्या खेपेला, "चाळण झटक." तिसऱ्या खेपेला, "या काशीआजीचं दळण तिच्या घरी पोचव." पोराला नाही म्हणता येईना. महिनाभरात तो सगळ्या गल्लीचा हमाल झाला, आणि एक दिवस बायको एकटीच आली. "कुठं गेला पहारेकरी?" अनुसयाबाईंनी विचारलं. "घरी झोपलाय, पाठ दुखतीय म्हणला," ती लाजून म्हणाली. त्या हसण्यात वीज गेली तरी कुणाच्या लक्षात आलं नाही.

सिनेमाही वीज गेली म्हणूनच आला. भर दुपारी चक्की बंद, डब्यांची रांग दारापर्यंत, बायका घामाघूम. मला सुटी होती. अनुसयाबाईंनी माझ्या दाराशी येऊन आरोळी दिली, "मॅडम, तुमच्या त्या पेटीत जीव हाये का? लावा कायतरी. बाया तापल्यात."

लॅपटॉपमध्ये शाळेतल्या मुलांना इंग्रजी ऐकवण्यासाठी ठेवलेले काही जुने अमेरिकन सिनेमे होते. बोलपट नुकतेच बोलू लागले होते त्या काळातले. त्यांत एक विनोदी, पण खुनाचा होता. तो मी पिठाच्या पोत्यावर ठेवून लावला आणि बाजूला उभी राहून मराठीत सांगू लागले. पडद्यावरची माणसं एकमेकांच्या तोंडाशी उभी राहून खच्चून ओरडत होती. त्या काळी यंत्राला ऐकू जावं म्हणून ओरडावंच लागत असणार. अनुसयाबाई खूश झाल्या. "हे बी गिरणीवालेच हायेत का?"

गोष्ट सोपी होती. एक श्रीमंत नवरा, त्याची गाणारी बायको आणि तिला गाणं शिकवणारा मास्तर. नवरा जळकुकडा. तो मास्तरावर नजर ठेवायला कधी कुंडीमागे लपतो, कधी पडद्यामागे, एकदा तर माशांच्या हौदात पडतो आणि तिथूनच हिशेब विचारतो, मास्तराने तिचा हात का धरला म्हणून. बायका हसून हसून पोत्यांवरून घसरत होत्या. मग मेजवानीत दिवे जातात, गोळीचा आवाज होतो, दिवे येतात आणि मास्तर पियानोवर पालथा. सगळ्यांची बोटं नवऱ्याकडे. टोपी सारखी हरवणारा एक पोलीस येतो आणि घरातल्यांना एकेक करून विचारू लागतो.

पण त्याआधीच माझी चौकशी सुरू झाली होती. काशीआजीला एक गोष्ट कळेना. त्या घरात एक उंच, गोड बोलणारा माणूस राहत होता. मी सांगितलं, नवऱ्याचा मित्र आहे.

"मित्र मंजी पाव्हणा?"

"पाहुणा नाही आजी, तिथेच राहतो."

"जेवतो बी तिथंच?"

"हो."

"आन तिला नावानं हाका मारतो?"

"हो."

"मंग नात्यातला न्हाई आसं कसं व्हईल बाई? घरात ऱ्हातो, जेवतो, वहिनीची थट्टा करतो. दीर हाये तो."

मी दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा हात टेकले. "हो आजी, दीर समजा." त्याबरोबर सगळं घर नात्यात बसलं. उद्धट मोलकरीण नणंद झाली, टोपीवाला पोलीस जमादार, आणि नवऱ्याची एक भटकी म्हातारी आत्या कुणालाच न विचारता सासू. त्यानंतर मला भाषांतराची गरज पडली नाही. बायका माझ्यापुढे धावत होत्या.

शेवटाकडे उलगडा होतो. मास्तराला मारलं ते त्या मित्रानेच. बायकोवर त्याचाच डोळा होता. नवऱ्याच्या मनात मास्तराबद्दल विष त्यानेच कालवलेलं होतं. आणि ते आधी दाखवलेलंही असतं. एका प्रसंगात मित्र नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवतो, कानाशी लागतो आणि आपल्याला न ऐकू येणारं काहीतरी बोलतो. नवऱ्याचा चेहरा हळूहळू फिरतो. सिनेमा संपला तेव्हा वीज आली होती, पण कुणी उठलं नाही.

"बाई बाई, खून दिरानं केला," काशीआजी म्हणाली.

अनुसयाबाई हसत नव्हत्या. "मॅडम, ते कानात बोलतो ते परत लावा," त्या म्हणाल्या. मी लावलं. त्यांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. मग उठून बटण दाबलं आणि चक्की सुरू केली. आवाजात त्या काय म्हणाल्या ते मला नीट ऐकू आलं नाही, पण तोंडावरून वाटलं ते एवढंच, की आपण एकट्याच नाही.

त्या दिवसापासून त्यांनी तो सिनेमा तालुकाभर केला. बाजारात, दवाखान्याच्या रांगेत, अंबडच्या जीपमध्ये, जिथे बसतील तिथे. हौदात पडलेला नवरा त्या अंगाने करून दाखवायच्या, आणि कानाशी लागणारा दीर मात्र त्यांच्या त्याच गडगडाटी आवाजात, त्यामुळे जीपच्या टपावर बसलेल्यांनाही ते गुपित कळायचं. प्रत्येक वेळी शेवट तोच. हळूहळू ती म्हणच झाली. दूध नासलं, खून दिरानं केला. मोटर जळाली, खून दिरानं केला. हसनाबादला दिलेली इथली एक मुलगी दिवाळीला आली तर सांगू लागली, तिकडेही बायका म्हणतात, कुठून आलं ते कुणालाच माहीत नाही. एक कोवळा दीर तर गिरणीत येऊन रडकुंडीला आला. "मावशी, वहिनी मला चहा देताना हसून राह्यली. मी काय केलं?" अनुसयाबाईंनी त्याच्या हातावर गूळ ठेवला. "काय केलं न्हाई ना? मंग तू बी हस."

शहागड हमरस्त्यावर. दादारावांचं तिथे हॉटेल, ट्रकवाल्यांची वर्दळ. म्हण तिथवर पोचायला वेळ लागला नाही.

दादाराव गिरणीत आले तेव्हा मी डबा घेऊन रांगेत होते. पांढरा सदरा, कपाळाला अष्टगंध, बोलणं साखरेसारखं. दारातल्या पिठातून चप्पल सांभाळत ते आत आले आणि अनुसयाबाईंच्या बाजूला जाऊन हळूच काहीतरी म्हणाले.

"मोठ्यानं बोला भाऊजी, ऐकू येत न्हाई," अनुसयाबाई ओरडल्या.

त्यांनी चक्कीकडे बोट दाखवलं. बंद करा म्हणून.

"भरलेली हाये. मधेच बंद केली तर दगड अडकतो. बोला तुम्ही."

दादारावांनी बायकांकडे पाहिलं. आम्ही सगळ्याजणी आपापल्या डब्यांत पाहू लागलो. "वहिनी," ते आवाज चढवून म्हणाले, "हे काय चालवलंय तुम्ही?"

"दळण."

"ते सिनेमाचं. हॉटेलावर ट्रकवाले इचारून राह्यलेत मला, काय शेठ, कोणाचा खून केला म्हणून."

"सिनेमातला दीर हाये तो. विलायती हाये. तुम्हाला का लागावं?"

"लोकांना काय कळत न्हाई का? तुम्ही मलाच बोलून राह्यलात."

"काय? ऐकू येत न्हाई."

आता त्यांचा गळा ताणला होता, मान लाल झाली होती. "मी काय केलं म्हणतो मी? दादाचा सोभाव तसा व्हता. सारं खापर माझ्या डोक्यावर का?"

"तुम्ही कानात काय सांगितलं त्याला?"

"खरं तेच सांगितलं!"

"काय खरं?"

याच वेळी अनुसयाबाईंनी मागे हात नेऊन बटण दाबलं. दगडबिगड काही अडकला नाही. मोटर बंद झाली तरी पट्टा थोडा वेळ फिरत राहतो आणि आवाज उतरत जातो. रागात असलेल्या माणसाच्या ते ध्यानात येत नाही. दादाराव चक्कीच्या पूर्ण आवाजावर सुरू झाले आणि वाक्य संपेपर्यंत गिरणीत त्यांच्याशिवाय कसलाच आवाज उरला नव्हता.

"मी म्हणलो व्हतो लाइनमन घरी आल्ता, ओट्यावर बसल्ता! आतून निघाला असं मी म्हणलोच न्हवतो! ते दादानं धरलं मनानं!"

ओट्यावर. समोरच्या किराणा दुकानदाराने तागडीतून मान वर केली. दादारावांचं तोंड उघडंच राहिलं. अनुसयाबाई चक्कीला टेकून उभ्या होत्या आणि पिठाने पांढऱ्या झालेल्या त्यांच्या गालांवरून दोन ओल्या रेघा खाली येत होत्या. मला वाटलं, मिळालं यांना हवं ते. आता त्या बसतील, पाणी पितील.

"एवढ्या सालांत हे शहागडात का न्हाई बोललात?" त्यांनी विचारलं.

दादाराव वळले. ते चप्पल न सांभाळता गेले. बायका एकदम बोलू लागल्या, काशीआजीने तर अनुसयाबाईंची दृष्टच काढली. पण त्या खूश नव्हत्या. संध्याकाळी माझ्या खोलीच्या पायरीवर बसल्या. "हे घनसावंगीत झालं, मॅडम. माझ्या माणसांत. ती गोष्ट शहागडात फिरल्ती. तिथंच फिटली पाह्यजे."

ते कसं होणार हे मला कळत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर होऊ नये असंही थोडं वाटत होतं. दारात आडवा झालेला माणूस पुन्हा आडवा होईल आणि या बाईला दुसऱ्यांदा रस्त्यावरून परत यावं लागेल, ही मला धास्ती.

संक्रांतीच्या आधी फोन आला. दादारावांची बायको मंदा, म्हणजे अनुसयाबाईंची धाकटी जाऊ. त्या दोघी एकमेकींशी कधी बोललेल्याही नव्हत्या. दादारावांनी लग्न केलं ते अनुसयाबाई गेल्यानंतर. अनुसयाबाईंनी फोन कानापासून लांब धरला होता, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

"जाऊबाई, हळदीकुंकवाला यायचं. थोरल्या जावेशिवाय मी वाण लुटत न्हाई. आन तो सिनेमा घेऊन या. आमच्या हॉटेलाची भिंत मी चुना मारून ठेवलीय."

"भाऊजींना इचारलं का?"

"त्यांनी मला लग्न झाल्यापासून हॉटेलाच्या मागच्या दारातून पुढं येऊ दिलं न्हाई. गिऱ्हाइकं बघतेत म्हणून. मी बी आता इचारत न्हाई."

अनुसयाबाईंनी फोन ठेवला आणि बराच वेळ पिठाच्या डब्यावर बोट फिरवत बसल्या. "ह्याला बी लागलाय तो," त्या म्हणाल्या. "घरातच व्हता वहीम. मालकाकडून भावाकडं गेला." दिराबद्दल त्यांच्या तोंडी कीव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली, आणि ती फार वेळ टिकली नाही. "मॅडम, तुमचा तो मोठा डबा आणा शाळेतला." मोठा डबा म्हणजे प्रोजेक्टर. मुख्याध्यापकांना मी महिला प्रबोधन असं कारण सांगितलं. त्यांनी मान डोलावली. खून दिरानं केला हे त्यांच्याही बायकोच्या तोंडात होतं.

शहागडला आम्ही दिवेलागणीला पोचलो. घर आणि हॉटेल एकाला एक लागून. मंदा पुढच्या दाराने बाहेर आली, डोक्यावर पदर, हातात ताट. तिने भर रस्त्यात अनुसयाबाईंना हळदीकुंकू लावलं. एक म्हातारी बाई पुटपुटली, "अगं, तिचा मालक..." मंदाने तिच्याकडे न बघता तिळगूळ पुढे केला. दादाराव गल्ल्यावर बसून होते. उठले नाहीत, आडवेही झाले नाहीत. मला वाटतं, घरातली बाई पुढच्या दाराने आली तेव्हाच त्यांच्यातलं काहीतरी बसलं होतं.

भिंतीसमोर बायका बसल्या, त्यांच्या मागे गावातले पुरुष, बाकांवर ट्रकवाले. मी मराठीत सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. अनुसयाबाई भिंतीच्या बाजूला उभ्या राहून सांगत होत्या, त्यांना भोंगा लागत नव्हता. नवरा हौदात पडला तेव्हा ट्रकवाल्यांनी बाकं बडवली. मग तो प्रसंग आला. मित्राने नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तोंड कानाशी नेलं.

"मॅडम, थांबवा."

मी थांबवलं. चुन्याच्या भिंतीवर ते तोंड आणि तो कान, माणसाहून मोठे, तसेच राहिले. अनुसयाबाई गल्ल्याकडे वळल्या.

"भाऊजी, आपल्या घरी लाइनमन आल्ता. कुठं बसल्ता तो?"

रस्त्यावरून एक ट्रक गेला.  दादाराव हसण्याचा प्रयत्न करत म्हणाले, "जुनं झालं वहिनी."

"हा सिनेमा त्याहून जुना हाये. तरी लोक बघून राह्यलेत."

दादारावांनी मंदाकडे पाहिलं. ती ताट धरून उभी होती आणि नजर हलवत नव्हती. मला त्या माणसाचा राग होता, पण त्या क्षणी तो गल्ल्यावर किती एकटा दिसत होता तेही मी पाहिलं. तो खाली बघून म्हणाला, "ओट्यावर."

"काय म्हणला?" मागून एका म्हाताऱ्याने विचारलं.

"ओट्यावर म्हणले," मंदा म्हणाली. तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला. "पाणी पेऊन गेला म्हणले. आत आला न्हवता."

म्हाताऱ्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. मग शेजारच्याला म्हणाला, "मंग आपण उगंच म्हणलो रे तिला," आणि शेजाऱ्याने मान खाली घातली. त्या एका वाक्यासाठी अनुसयाबाईंनी अर्धं आयुष्य पीठ खाल्लं होतं. मला हुंदका आला. त्यांना नाही आला. "लावा मॅडम पुढं," त्या म्हणाल्या, आणि मास्तराचा खून व्हायचा होता तो झाला. शेवटी खुनी सापडला तेव्हा कुणीही म्हण म्हटली नाही. दादाराव शेवटपर्यंत गल्ल्यावर बसून राहिले, एवढं मी त्यांच्या बाजूने लिहीन.

मला त्याच रात्री जालन्याला जायचं होतं. माझी बदली झाली होती, सामान आधीच गेलं होतं. अनुसयाबाईंना मंदाने ठेवून घेतलं. मी प्रोजेक्टर सोबत आलेल्या शाळेच्या शिपायाच्या हवाली केला आणि जीपमध्ये बसले. निरोप घ्यायला मागे वळले तर त्या तिथे नव्हत्या. मग दिसल्या. घराच्या ओट्यावर, रस्त्याकडे तोंड करून, पाय खाली सोडून. त्या गावात सून ओट्यावर बसत नाही. ओटा पुरुषांचा, सुनेने ओट्यावरचं उष्टं भांडं उचलायचं तेही बाजूने. त्या ऐसपैस बसल्या होत्या. मंदा त्यांना आतून पाण्याचा तांब्या देत होती.

जीप सुरू झाली. समोरून दोन माणसं येत होती. त्यातल्या एकाने थांबून, जीपच्या उजेडात डोळ्यांवर हात धरून विचारलं, "ओट्यावर कोण बसलंय?"

"थोरली सून हाये या घरची," अनुसयाबाई म्हणाल्या. जीप पुलाकडे वळली तरी मला ते नीट ऐकू आलं.